गंधसाक्षीच्या तोंडाला पाक

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, एका विवराच्या काठावर 'शेजार' नावाचा तळ होता. आसपास शेकडो किलोमीटर त्याला शेजारी असा कोणी नव्हता. भारत आणि चीन यांनी मिळून हा तळ बांधला तेव्हा नावावर अकरा महिने चर्चा झाली होती, आणि शेवटी कोणाचीच हरकत नाही असं हे एकच नाव उरलं होतं. तळावर चार माणसं, एक प्रयोगशाळा, एक रोपघर आणि एक स्वयंपाकघर. भांडणं होत ती सगळी स्वयंपाकघरात.

म्हणजे पूर्वी होत असत. गेल्या तीन महिन्यांत तिथे एकही भांडण झालं नव्हतं, कारण गेल्या तीन महिन्यांत तिथे दोन माणसं एकत्र आलीच नव्हती. तळप्रमुख डॉ. सुलक्षणा उकिडवे यांनी स्वयंपाकघराच्या दारावर जेवणाच्या पाळ्यांचा तक्ता लावला होता. प्रत्येकाला वेगळा रंग, प्रत्येकाला अर्धा तास, आणि दोन पाळ्यांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी. न जाणो, दारात गाठ पडली तर. सुलक्षणाबाईंना या तक्त्याचा फार अभिमान होता. शांतता राखायची तर माणसांना एकमेकांपासून लांब ठेवावं, असं त्यांचं मत होतं. वनस्पतिशास्त्रात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला माणसांबद्दल दुसरं काय वाटणार?

तर अहवाल जायला पाच दिवस उरले असताना त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. चौघं चार कोपऱ्यांत उभे राहिले. यंत्रज्ञ त्र्यंबक हुपरीकर हाताची घडी घालून दाराशी. डॉक्टर मार्टिन घोन्साल्विस, मूळचे वसईचे, खिडकीशी. रसायनतज्ज्ञ लिआंग शूफन तिच्या काचनळ्यांपाशी. शूफन अकरा वर्षं पुण्यात नोकरी करून आलेली होती. त्यामुळे तिला मराठी उत्तम येत असे आणि कुठे गप्प बसावं हेही कळत असे.

"लिआंगबाई," सुलक्षणाबाई म्हणाल्या, "तो गंधसाक्षी नेमकं काय करतो, ते एकदा सगळ्यांना नीट सांगा. आपण वर्षभर त्याला घाबरतोय, पण तो काय आहे हे मला तरी धड ठाऊक नाही."

गंधसाक्षी म्हणजे स्वयंपाकघरात चुलीच्या बरोबर वर, छताला बसवलेली एक पांढरी पेटी. पुढच्या बाजूला रुपयाएवढं जाळीदार तोंड. तळावरच्या माणसांचं एकमेकांशी पटतं की नाही, याची ती वर्षभर नोंद ठेवत असे.

"तो मन वाचत नाही," शूफन म्हणाली. "तो फक्त वास घेतो. माणूस आतून आवळला, की स्नायूंमधला आयसोप्रीन नावाचा वायू रक्तात येतो आणि तिथून श्वासात. राग आला, धक्का बसला, मोठ्यानं हसू आलं, तरी तेच; फक्त हसू लवकर उतरतं, राग सावकाश. शिवाय प्रत्येकाच्या श्वासाची भेसळ वेगळी असते. त्यामुळे कोणाचा श्वास, किती आवळलेला, आणि कधी, एवढं त्याला कळतं. ते सगळं तो आतल्या गंधपट्टीवर थरावर थर देऊन साठवतो, रोजनिशीसारखं. वर्षभर एक अक्षर बोलत नाही. शेवटच्या दिवशी पट्टी तापते, साठवलेले वास एकेक करून त्याच तोंडातून बाहेर पडतात, तोंडासमोरचा प्रकाशझोत ते वाचतो आणि अहवाल पृथ्वीवर जातो."

"आणि मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग सहवास मूल्यांकन कक्ष ठरवतो. हाच चमू दुसरं वर्ष राहील, की सगळ्यांना परत बोलावून तळाला कुलूप लागेल. ठरवतात कशावरून, ते मात्र ते कोणाला सांगत नाहीत."

"त्यात सांगायचं काय? भांडणं मोजत असतील," डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांना हे पटलं. इतक्या महिन्यांत चौघांना एकदम पटलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही चुकीची निघायची होती.

भांडणं मात्र पट्टीवर भरपूर होती. तक्त्याच्या आधीचे नऊ महिने होतेच. त्र्यंबकने सुक्या मिरच्यांची फोडणी दिली होती आणि तळाची हवा गाळायला यंत्राला चाळीस मिनिटं लागली होती. शूफनने दोन महिने आंबवत ठेवलेल्या सोयाबीनची बरणी त्याने 'नासलंय' म्हणून पुनर्वापराच्या टाकीत रिकामी केली होती. डॉक्टर सगळ्यात व्हिनेगर घालत, खिचडीतसुद्धा. सुलक्षणाबाई या भांडणांत कधीच पडत नसत. कोणी विचारलं तर "दोघांचंही बरोबर आहे," म्हणत आणि रोपघरात निघून जात.

रोपघरात त्यांची नाचणी होती. चंद्राच्या मातीत वाढलेली एकोणीस रोपं. पहिल्या पिढीचं बी उगवलं होतं, दुसऱ्या पिढीचं हाती आलं होतं. ते पेरून तिसरी पिढी तरारली असती, तर ही माती माणसाला जेवू घालू शकते हे सिद्ध झालं असतं. त्याला अजून एक वर्ष हवं होतं. तळाला कुलूप लागलं की रोपघराची ऊब बंद होणार, आणि मग एका दिवसात सगळं गोठणार. या नाचणीवर सुलक्षणाबाईंची सात वर्षं गेली होती. आणखी सात घालवण्याचं त्यांचं वय राहिलं नव्हतं, आणि हे त्या कोणापाशी बोलल्या नव्हत्या तरी सगळ्यांना माहीत होतं.

"आमच्याकडे अशा साक्षीदारावर एक उपाय असायचा," शूफन म्हणाली. "दोन हजार वर्षांपासून."

"काय?"

"चिनी घरांत चुलीचा एक देव असतो. चुलीवर भिंतीला त्याचं चित्र लावतात. तो वर्षभर गुपचूप घरातलं सगळं बघतो. कोण खोटं बोललं, कोणी अन्न टाकलं, सासू-सुनांचं काय झालं. आणि वर्ष संपायच्या आठवडाभर आधी स्वर्गात जाऊन सम्राटाला अहवाल देतो. आमचा स्वर्ग म्हणजे मोठं सरकारी कार्यालय. खाती, कारकून, शिक्के, सगळं. अहवाल वाईट गेला तर आयुष्यातले दिवस कापतात."

"म्हंजी हितल्यागतच की," त्र्यंबक म्हणाला.

"म्हणून निघायच्या दिवशी लोक देवाच्या तोंडाला चिकट पाक लावतात. माल्टचा. म्हणजे तो वर जाऊन गोडच बोलेल, नाहीतर दात चिकटून बसतील आणि काहीच बोलणार नाही. मग चित्र जाळतात, की देव निघाला. त्याच्या घोड्यासाठी थोडं गवतही ठेवतात."

"आणि सम्राटाला कळत नाही?" डॉक्टर हसू दाबत म्हणाले. "देव दरसाल तोंडाला पाक लावून येतोय, आणि कोणी विचारत नाही?"

शूफनने खांदे उडवले. "आमच्याकडेच एका जुन्या गुरूनं विचारलं होतं, पावसासाठी विधी केला आणि पाऊस आला, याचा अर्थ काय? तोच म्हणाला, काही नाही. विधी न करताही आलाच असता."

"मग करायचा कशाला?"

"विधी पावसासाठी नसतो, असं त्याचं म्हणणं. कशासाठी असतो, ते ज्याला कळायचं त्याला कळतं. मी रसायनतज्ज्ञ आहे. मला एवढंच दिसतंय, की आपल्या देवालाही तोंड आहे आणि तोही वर्षातून एकदाच बोलतो. तोंडाला पाक असेल तर तापलेले सगळे वास पाकातून गाळून निघतील आणि प्रत्येक थराला गोड वास चिकटेल. कदाचित भांडणं त्यात बुडतील."

सुलक्षणाबाईंनी नियमावली उघडली. कलम चौदा. गंधसाक्षी उघडू नये, झाकू नये, पुसू नये, हलवू नये.

"भरवू नये असं कुठं लिवलंय?" त्र्यंबक म्हणाला.

नियमात खरोखरच तसं लिहिलेलं नव्हतं.

"साखर आहे माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले.

"साखरेचा पाक तापला की तडकतो नाहीतर ओघळतो. माल्टचा चिकटून राहतो. त्यासाठी मोड आलेलं धान्य हवं. मोडांतली विकरं शिजलेल्या भाताची साखर करतात." हे बोलून शूफन थांबली आणि तिने सुलक्षणाबाईंकडे न बघायचा प्रयत्न केला. तळावर मोड येईल असं धान्य एकच होतं.

दुसऱ्या पिढीचं बी दोन वाट्या होतं. एक वाटी पेरायला, दुसरी ती पेरणी फसली तर. नाचणीला मोड आणून सत्त्व करतात हे सुलक्षणाबाईंना कोणी सांगायला नको होतं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला त्यांनी तेच भरवलं होतं. पण चंद्रावर पिकलेलं जगातलं सगळं धान्य दोन वाट्या, आणि त्यातली एक एका पेटीच्या तोंडाला फासायची, हे त्यांना सोपं गेलं नाही.

"परत गेलो तर दोन्ही वाट्या वायाच," त्या अखेर म्हणाल्या. "घ्या."

त्र्यंबकने हाताची घडी सोडली.

बी भिजवून ओल्या फडक्यात बांधलं आणि चुलीशेजारी ठेवलं, कारण सगळ्या तळात दमट आणि उबदार जागा तीच. दर चार तासांनी पाणी शिंपडायचं होतं. शूफनने त्यासाठी स्वतःचं नाव लिहिलं. पण दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता डॉक्टर आत आले तर त्र्यंबक फडक्याशी वाकून उभा होता.

"तुमची पाळी साडेसातला संपली," डॉक्टर म्हणाले.

"तुमची कुठं आता हाय?"

डॉक्टरही फडक्याशी वाकले. "आले का?"

"एकाला आलाय. ह्यो बघा." आणि दोघांनी डोकी एकत्र घालून तो दोन मिलिमीटरचा मोड पाहिला. त्र्यंबकने पाणी जास्त घातलंय असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. त्र्यंबकच्या मते डॉक्टरांनी जन्मात साधी मेथीसुद्धा पेरली नव्हती, त्यांनी धान्याचं सांगू नये. आवाज ऐकून शूफन आली. पाठोपाठ सुलक्षणाबाई आल्या, सगळ्यांना गप्प केलं, फडकं सोडलं, आणि मोड बघून स्वतःच तिथे तासभर बसल्या. त्या तक्त्याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष गेलं नाही.

चौथ्या दिवशी पाक. मोड वाटून भातात कालवायचे आणि ते मिश्रण सहा तास साठ-बासष्ट अंशांवर धरायचं. तळाच्या चुलीला तीन बटणं होती: गरम, फार गरम आणि बंद. त्यामुळे त्र्यंबक बटणाशी बसला, डॉक्टर तापमापक धरून, शूफन ढवळायला. सुलक्षणाबाई देखरेखीला.

"साठच्या वर नेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "विकरं मरतील."

"बासष्ट धरा. साठाला काय व्हनार न्हाई. नुसता भात गरम व्हईल."

"मी डॉक्टर आहे."

"भात आजारी हाय काय?"

शूफन हसली आणि तिच्या हातून पळी निसटली. चंद्रावर वस्तू सावकाश पडतात. पळी पडेपर्यंत तिघांनी ती पकडायचा प्रयत्न केला आणि कोणालाच जमलं नाही. सहा तासांत साठ की बासष्ट यावरून सात वेळा जुंपली. शेवटी दोघांनी सुलक्षणाबाईंकडे पाहिलं. "म्याडम, तुमीच सांगा. तुमची नाचनी."

सुलक्षणाबाईंनी भातात डोकावून पाहिलं. "दोघांचंही बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

शूफनने पळी फिरवता फिरवता त्यांच्याकडे पाहिलं. "आमच्याकडे एका मंत्र्यानं राजाला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मेळ म्हणजे रस्सा. पाणी, आग, मीठ, आंबट, सगळी वेगळी, आणि जे कमी पडेल ते आचारी घालतो. राजा जे म्हणेल तेच सगळे म्हणायला लागले, तर तो पाण्यात पाणी घालतोय. असला रस्सा कोण खाणार?"

"त्यात मिरची हाय का पन?" त्र्यंबकने विचारलं. सुलक्षणाबाईंनी मात्र विषय बदलला.

संध्याकाळपर्यंत गाळून, आटवून तपकिरी, लांब तार येणारा पाक झाला. त्र्यंबकने जवळजवळ अर्धा चाखून बघितला. उरलेला शूफनने स्टुलावर चढून गंधसाक्षीच्या तोंडाला फासला, आणि डॉक्टरांनी कोणाला दिसणार नाही अशा बेताने पेटीखाली चुलीच्या कडेला कोथिंबिरीची एक काडी ठेवली.

"घोड्याला," शूफनने पाहिलंच तेव्हा ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पट्टी तापली. स्वयंपाकघरात आधी गोड वास सुटला आणि मग नऊ महिन्यांपूर्वीच्या फोडणीचा ठसका. चौघंही खोकले. प्रकाशझोत विझला, अहवाल गेला.

उत्तर दोन दिवसांनी आलं. खाली सही होती वि. ना. वाडदेकर, प्रमुख, सहवास मूल्यांकन कक्ष. सुलक्षणाबाईंनी ते स्वयंपाकघरातच उघडलं, कारण बाकीचे तिघं तिथेच होते. त्या मोठ्याने वाचू लागल्या.

"आपल्या चमूच्या पहिल्या नऊ महिन्यांत एकशे बारा मोठी भांडणं नोंदली गेली."

त्र्यंबकने मान खाली घातली.

"प्रत्येक भांडणात किमान तीन श्वास एकत्र होते, एकदम आवळले गेले आणि तासाभरात एकत्रच सैल झाले. ही नोंद उत्तम आहे." सुलक्षणाबाई थांबल्या. त्यांनी ते वाक्य पुन्हा मनात वाचलं. "कक्ष भांडणं मोजत नाही. भांडल्यावर माणसं त्याच खोलीत राहतात की नाही, हे मोजतो. त्यानंतरच्या तीन महिन्यांत मात्र कोणतेही दोन श्वास एकदाही एकत्र आढळले नाहीत. आमच्या अनुभवात ही चमू मोडल्याची खूण आहे. एवढं वाचून आपणांस परत बोलावण्याचा आदेश तयार करण्यात आला होता."

सुलक्षणाबाईंनी दारावरच्या तक्त्याकडे पाहिलं. चार रंग, मध्ये पंधरा मिनिटं. सात वर्षांची नाचणी त्यांनी स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, रंगीत पेनांनी मारायला काढली होती. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"वाचा की पुढं," त्र्यंबक हळूच म्हणाला. त्या वाचेनात, तेव्हा शूफनने कागद घेतला.

"परंतु शेवटच्या चार दिवसांत चौघांचे श्वास मिळून एकवीस तास एकत्र आढळले. शिजणाऱ्या भाताचा वास, आठ भांडणं, बरंच हसू, आणि माल्ट. पाकामुळे नोंद झाकली गेली असा आपला समज असेल, तर तसं झालेलं नाही. गोड वास आम्ही तिसऱ्या चमूपासून वजा करतो. निरनिराळ्या तळांवर मिळून, गंधसाक्षीच्या तोंडाला काहीबाही फासणारा आपला सातवा चमू आहे. आतापर्यंत दोनच चमूंनी काही फासलं नाही. ते दोन्ही मुदतीपूर्वी परत आले. एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं मिळून लाच शिजवू शकत नाहीत. दुसरं वर्ष मंजूर."

डॉक्टरांनी छातीवर क्रूसाची खूण केली. त्र्यंबक भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता आणि मिरचीचा ठसका अजून गेला नाही असं सांगत होता. शूफन कागद हातात धरून तशीच उभी राहिली.

"म्हणजे सम्राटाला पहिल्यापासून माहीत होतं," ती म्हणाली. "दोन हजार वर्षं घरोघरी पाक शिजतोय, आणि तो तोंडाकडे बघतच नव्हता. तो पाक कोणी कोणी शिजवला ते बघत होता."

"पण हे त्यांनी आपल्याला सांगितलं कसं?" डॉक्टरांनी विचारलं. "आता आपण वर्षभर मुद्दाम एकत्र बसू. नाटक करू."

"तेही लिहिलंय." तिने खालच्या ओळी वाचल्या. "ही कसोटी गुप्त ठेवण्याचं आता कारण नाही. चार माणसं वर्षभर रोज एका चुलीपाशी बसण्याचं नाटक करू शकली, तर त्याला नाटक म्हणण्याची आमची तयारी नाही. ताजा कलम: पुढील महिन्यापासून आमच्या कक्षाच्या उपाहारगृहातही वरिष्ठ कार्यालयातर्फे गंधसाक्षी बसवण्यात येत आहे. आम्ही पाच जण असून गेली चार वर्षं आपापला डबा आपापल्या टेबलावर खातो. कृपया पाकाची कृती तातडीने कळवावी."

बराच वेळ चौघं हसत होते. मग त्र्यंबकने कृती लिहायला कागद ओढला.

"मोड दोन दिवस. भात मऊ. आन् बासष्ट अंश."

"साठ," डॉक्टर म्हणाले. "चुकीचं कळवू नका. त्या बिचाऱ्यांची नोकरी आहे."

"बासष्टाला झाला पाक! मी बटनाशी हुतो."

"आणि तापमापक कोणाच्या हातात होता?"

सुलक्षणाबाई खुर्चीवरून उठल्या. दाराशी गेल्या, तक्ता काढला, त्याची चौपदरी घडी केली आणि पुनर्वापराच्या टाकीत टाकली. मग वळून म्हणाल्या, "बासष्ट. साठला नाचणीची विकरं अर्धवट काम करतात. मला त्या दिवशीच माहीत होतं."

त्र्यंबकने कृतीचा कागद खाली ठेवला.

"मग तेव्हा का बोलला नाहीत?" डॉक्टर म्हणाले. "सहा तास! सहा तास मी तापमापक धरून बसलो होतो."

"दोघांचंबी बरोबर म्हनाला हुता तुमी," त्र्यंबक म्हणाला. तो जिंकला होता, तरी चिडला होता.

"आणि माझा हात दुखला त्याचं काय?" शूफन म्हणाली.

"तुमचा हात दुखला कारण तुम्ही पळी चुकीची धरता," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "हेही मला वर्षभर सांगायचं होतं. आणि डॉक्टर, खिचडीत व्हिनेगर घालणाऱ्या माणसाने मला काही शिकवू नये. आणि हुपरीकर, ती बरणी नासलेली नव्हती, मी वास घेतला होता, आणि तरी मी गप्प बसले."

यावर जो गदारोळ उठला तो दीड तास चालला. कोणीही खोलीतून बाहेर गेलं नाही. मधेच कधीतरी भात लागला, तो त्र्यंबकने काढला आणि सगळ्यांनी वाद घालत घालत तसाच खाल्ला.

चुलीवर, पाकाचे ओघळ वाळलेल्या तोंडाने, गंधसाक्षी नव्या वर्षाचा पहिला थर साठवत होता.